सकाळी ओवी, रात्री गोष्ट: एका वेळी चार पुस्तकं कशी वाचायची

माझ्याकडे आत्ता चार पुस्तकं अर्धवट आहेत आणि चारही छान चालू आहेत. अर्धवट हा शब्द आपण उगाच अपराध्यासारखा वापरतो. एक संपल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही असं लहानपणी कोणीतरी बजावलेलं असतं, आणि त्यातलं एखादं ज्ञानेश्वरी किंवा दासबोध असेल तर विचारूच नका, ते मध्येच ठेवलं म्हणजे जणू देवाचाच अपमान केला. मला वाटतं या धाकामुळेच खूप लोकांच्या घरातल्या पोथ्या लाल कपड्यात बांधलेल्या राहतात. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय, ज्यांना आनंदासाठीही वाचायचंय आणि आतून थोडं बदलायचंही आहे पण दोन्ही एकत्र कसं जमवायचं हे कळत नाहीये त्यांच्यासाठी.

मी ज्ञानेश्वरी तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली. तिन्ही वेळा चूक एकच होती, ती मी कादंबरीसारखी वाचत होते, रात्री जेवणं आवरल्यावर, आडवं पडून, पानं मोजत. आज दहा पानं झाली पाहिजेत असं ठरवलेलं असायचं, मग तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे, दुसऱ्या दिवशी वीस पानांची उधारी आणि आठवड्याभरात सगळं बंद. चौथ्या वेळी मी फक्त वेळ बदलली, सकाळी चहाच्या आधी, बसून, मोठ्यानं, दहाच ओव्या. रात्रीची जागा गोष्टीच्या पुस्तकाला देऊन टाकली. त्यानंतर दोन्ही सुटलेली नाहीत.

खरं तर ही काही माझी शोधून काढलेली पद्धत नाही. माझी आजी सकाळी पोथी वाचायची, आणि दुपारी भांडीकुंडी झाली की खिडकीत बसून दिवाळी अंक. दिवाळी अंक होळीपर्यंत पुरवायची ती. सकाळचं दुपारी नाही आणि दुपारचं सकाळी नाही. दोन्ही वाचताना तिचा चेहरा वेगळा असायचा आणि दोन्ही वेळा तिला हाक मारली तर ऐकू जायचं नाही.

तर मुद्दा हा की पुस्तकं दोन जातीची असतात, थांबायची आणि धावायची. ओवी, अभंग, दासबोधातला समास म्हणजे छोटं प्रकरण, हे थांबायचं वाचन, इथे पुढे काय होणार याला काही अर्थच नसतो कारण पुढे काय होणार ते सगळ्यांना माहितीये. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन हे धावायचं, तिथे रोज दहा ओळी वाचल्या तर पात्रांची नावंसुद्धा विसरायला होतं. गोंधळ होतो तो एकाचा नियम दुसऱ्याला लावला की. म्हणून किती पुस्तकं एका वेळी वाचायची हा प्रश्न मागाहून येतो, आधी कुठलं पुस्तक कुठल्या चालीचं आहे ते ठरवा. दोन थांबायची पुस्तकं एका वेळी घेऊ नका, एकमेकांवर चढतात. दोन जाड कादंबऱ्याही नकोत. माझ्याकडे साधारण असं असतं: एक सकाळचं, एक रात्रीचं, एक पिशवीतलं आणि एक रविवारचं. चाराच्या वर मी जात नाही, पाचवं घेतलं की सगळ्यात आधी सकाळचं मरतं, हे मी बघितलंय.

आता सकाळचं, यावर जास्त बोलते कारण लोक इथेच अडकतात.

आधी हिशोब करा, हिशोब केला की भीती जाते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या 9000 च्या आसपास आहेत, प्रतीप्रतीत थोड्या कमीजास्त. रोज 25 वाचल्या तर वर्ष लागतं, रोज 10 वाचल्या तर अडीच वर्षं. अडीच वर्षं ऐकून दचकायला होतं पण ती अडीच वर्षं तशीही जाणारच आहेत. अध्यायावर हिशोब कधीच लावू नका, कारण अध्याय अजिबात सारखे नाहीत, पहिला पावणेतीनशे ओव्यांचा, तेरावा अकराशेच्या वर आणि अठरावा अठराशेच्या वर. महिन्याला एक अध्याय असं ठरवणारे तेराव्यात हमखास बुडतात. दासबोध याबाबतीत फार सोयीचा आहे, 20 दशक म्हणजे मोठे भाग, प्रत्येकात 10 समास, म्हणजे बरोब्बर 200 समास. रोज एक समास, मोठ्यानं वाचला तरी साधारण दहा मिनिटं, साडेसहा महिन्यांत पूर्ण. अगदीच पहिल्यांदा सुरू करत असाल तर मनाचे श्लोक घ्या, 205 आहेत, रोज एक घेतला तर सात महिने आणि दात घासता घासता पाठ होईल इतका छोटा. तुकोबांच्या गाथेचं मात्र मी वेगळं करते, साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, ते पहिल्यापासून ओळीनं वाचण्यापेक्षा उघडेल तिथे एक अभंग वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. गाथेला तसं वाचलेलं चालतं, ज्ञानेश्वरीला नाही, तिथे एक ओवी दुसरीचा हात धरून येते.

ज्ञानेश्वरी सुरू करायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या अध्यायापासून करू नका. बाराव्यापासून करा. मूळ गीतेत त्याचे फक्त 20 श्लोक आहेत आणि ज्ञानेश्वरीत ओव्या अडीचशेच्या आसपास, म्हणजे रोज दहा घेतल्या तर महिन्याच्या आत एक अख्खा अध्याय पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. भाषा कानाला बसते. मग पहिल्याकडे जा. काही जाणकारांना हे आवडणार नाही, पण चार वेळा पहिल्याच अध्यायातून परत फिरण्यापेक्षा हे बरं.

प्रत सार्थ घ्या, ओवीखाली अर्थ दिलेली. सोनोपंत दांडेकरांची आहे, गीता प्रेसचीही मिळते. पण अर्थ आधी वाचायचा नाही. ओवी मोठ्यानं वाचायची, नाही कळली तरी, मग अर्थ वाचायचा, मग तीच ओवी परत मोठ्यानं. ओवीचे पहिले तीन चरण यमकात असतात आणि चौथा आखूड, मोकळा सोडलेला असतो, तिथे आपोआप श्वास घेतला जातो. हे मनातल्या मनात वाचून कळत नाही. मोठ्यानं वाचायला घरात लाज वाटत असेल तर गॅलरीत जा किंवा कुजबुजा, पण ओठ हलले पाहिजेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असं होतं की अर्थ बघायच्या आधीच ओवी कळते, अख्खी नाही, पण अर्धी तरी, आणि तो आनंद कुठल्याही थ्रिलरपेक्षा कमी नाही, अगदी शपथेवर सांगते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस वाचायच्या नाहीत. दहाच. उधारी फेडायला लागलात की नेमाचं ओझं होतं. एक तरी ओवी अनुभवावी असं नामदेवांनी सांगून ठेवलंय, त्यात आकडा एकाचा आहे हे मला फार मोठं वाटतं. आणि हो, सप्ताहातलं पारायण ही वेगळी गोष्ट आहे, शंभर माणसं एका सुरात वाचत असतात तेव्हा अर्थ कळो न कळो, त्या आवाजानंच अंगावर काटा येतो, ते जरूर करा. फक्त पारायण झालं म्हणजे वाचून झालं असं समजू नका, आणि घरचं रोजचं वाचन पारायणाइतक्या वेगानं करू नका. सोवळ्याओवळ्याचं ज्यांनी त्यांनी आपल्या घरचं बघावं, मी महिन्याचे तीसही दिवस वाचते, ज्ञानोबांनी संस्कृत सोडून मराठीत सांगितलं ते सगळ्यांना वाचता यावं म्हणूनच ना.

रात्रीचं पुस्तक निवडताना एकच बघायचं, त्यानं तुम्हाला ओढून घेतलं पाहिजे. चांगलं आहे म्हणून, बक्षीस मिळालंय म्हणून, आपल्याला वाचलं पाहिजे म्हणून असली पुस्तकं रात्री घेऊ नका. दिवसभर थकलेला माणूस असतो आपण. आणि आनंदासाठी वाचलेलं खालच्या दर्जाचं आणि पोथी वरच्या दर्जाची असं मनात ठेवू नका, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तसं ठेवलं की दोन्हीतली मजा जाते. रात्री एका बैठकीत चाळीस पानं झाली तर होऊ द्या, इथे नेम नाही, मर्यादा नाही. मात्र काही पुस्तकं स्वतःच रात्रीचं माप घेऊन आलेली असतात. श्यामची आई बघा, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिली, श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो आणि अशा 42 रात्री आहेत. ती तशीच वाचावी, एका रात्री एक, घरात मुलं असतील तर त्यांना वाचून दाखवावी. आम्ही दीड महिना वाचली, मुलगी रोज आधीच उशी घेऊन यायची आणि शेवटच्या चार रात्री मला वाचताना आवाज लावता येत नव्हता तर तिनं पुस्तक हातात घेऊन पुढे वाचलं.

रविवारच्या पुस्तकाला माझी पहिली शिफारस विनोबांची गीता प्रवचने. ही धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली आहेत, 21 फेब्रुवारी 1932 ते 19 जून 1932, दर रविवारी एक, अशी 18. समोर बसलेल्यांत साने गुरुजी होते, त्यांनी ती जवळजवळ शब्दन् शब्द उतरवून घेतली म्हणून आज आपल्याला मिळाली. मग आपणही रविवारीच वाचावीत की, 18 रविवार, एका बैठकीत एक अध्याय. आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात साधारण सतरा रविवार येतात, म्हणजे आषाढीच्या आधीच्या रविवारी सुरुवात केली तर चातुर्मास संपेपर्यंत पूर्ण होतात. भाषा इतकी सोपी आहे की ज्यांना ओवी अजून जड जाते त्यांनी आधी हेच वाचावं, मग ज्ञानेश्वरीकडे वळावं.

पिशवीतल्या पुस्तकाला फार बोलायला नको. पातळ, मऊ बांधणीचं, लेख किंवा छोट्या कथा, दोन स्टेशनांत एक संपेल असं. लोकलमध्ये उभं राहून एका हातात धरता आलं पाहिजे. गर्दीत तेही जमत नसेल तर हरिपाठ ऐका, कानात इअरफोन, ऐकणं हेही वाचणंच आहे, आपल्याकडे शेकडो वर्षं बहुतेकांनी ग्रंथ ऐकलेच आहेत.

आता पुस्तकं आणायची कुठून. विकत घ्यायची ती थांबायची पुस्तकं, कारण ती आयुष्यभर लागतात, त्यांच्या पानांच्या कडेला पेन्सिलीनं लिहावंसं वाटतं. धावायची पुस्तकं लायब्ररीतून आणा. लायब्ररीच्या पुस्तकाला परतीची तारीख असते आणि ती तारीख रात्रीच्या पुस्तकाला फार मानवते. उलट केलंत, म्हणजे लायब्ररीतून दासबोध आणलात, तर पंधरा दिवसांत तो धावतच वाचावा लागणार. ठाण्यातल्या लोकांना मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1893 पासूनचं, पुण्यात नगर वाचन मंदिर त्याहून जुनं, 1848 चं. आणि तुमच्या गावातही एखादं वाचनालय असेलच, जाऊन नाव नोंदवा, त्यांना वाचकांची गरज आहे. संतांचं साहित्य मोबाईलवर मराठी विकिस्रोतवर फुकट वाचता येतं, साने गुरुजींचंही, कारण त्यांना जाऊन साठ वर्षं केव्हाच होऊन गेली आणि स्वामित्वहक्क संपले. फक्त सकाळचं वाचन मोबाईलवर करू नका असं कळकळीनं सांगते. तिसऱ्या ओवीला मेसेज येतो, बघितला की ओवी गेली आणि अर्धा तासही गेला.

वेगवेगळी पुस्तकं एकत्र वाचण्याचा खरा फायदा मला कळला तो एका विशिष्ट काळात, तो सांगते म्हणजे हे सगळं कशासाठी करायचं ते लक्षात येईल. सकाळी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय चालू होता. त्यात ज्ञानाची लक्षणं येतात आणि अहिंसेवर ज्ञानोबा थांबतात ते थांबतातच, अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, बघतो कसा, एकापुढे एक दाखले. कमळावर भुंगे पाय किती हळू ठेवतात, आतले केसर चुरगळतील म्हणून, तसा तो जमिनीवर पाय ठेवतो. हे वाचून मी स्टेशनवर जायचे आणि जिना उतरताना धक्का मारून पुढे जायची जी सवय होती ना, ती मला टोचायला लागली, अगदी पायाला टोचावी तशी.

त्याच दिवसांत रात्री इरावती कर्व्यांचं युगान्त चालू होतं. त्यात त्या महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणून बघतात, कुणालाही सूट देत नाहीत. खांडववनाचं दहन येतं. कृष्ण आणि अर्जुन मिळून अख्खं जंगल जाळतात आणि आगीतून बाहेर पळणाऱ्या जिवांनाही पळू देत नाहीत. मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. कारण सकाळी ज्या कृष्णार्जुनांच्या तोंडून, म्हणजे एकाच्या तोंडून आणि दुसऱ्याच्या कानातून, मी अहिंसा ऐकत होते ते हेच दोघे. एकेक पुस्तक संपवून मग दुसरं घेतलं असतं तर ही गाठ पडलीच नसती, युगान्त येईपर्यंत भुंगा विसरून गेले असते. त्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही. पण तो प्रश्न कित्येक महिने माझ्याबरोबर होता, भाजी निवडताना, ऑफिसात, आणि त्यानंतर तेराव्या अध्यायाच्या ओव्या मी नुसत्या गोड म्हणून वाचू शकले नाही, त्या मला फार अवघड आणि फार खऱ्या वाटायला लागल्या. माझ्यापुरती अध्यात्मातली वाढ म्हणतात ती अशीच झाली, एका पुस्तकानं दुसऱ्याला प्रश्न विचारला म्हणून.

हे होण्यासाठी वही एकच ठेवा. प्रत्येक पुस्तकाची वेगळी वही केलीत तर पुस्तकं एकमेकांशी बोलणार नाहीत. साधी दोनशे पानी, तारीख, पुस्तकाचं नाव, आणि जी ओळ अडली किंवा आवडली ती ओळ जशीच्या तशी. सारांश लिहायचा नाही, यातून काय शिकलो तेही नाही, ते शाळेसारखं होतं. एका पानावर वर ओवी आणि खाली कादंबरीतलं वाक्य आलं की महिन्यानं ते पान उघडल्यावर आपोआप काहीतरी दिसतं. मी हातानंच लिहिते, लिहिताना ओळ परत एकदा वाचली जाते.

जमलं तर एक पुस्तक कुणाबरोबर तरी वाचा. माझी मावसबहीण अमेरिकेत असते, आम्ही दोघी एकच दासबोध वाचला, ती तिचा समास व्हॉट्सॅपवर आवाजात पाठवायची, मी माझा. तिची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ, त्यामुळे एकच समास दिवसातून दोनदा व्हायचा. तिच्या मुलांना मराठी वाचता येत नाही पण ऐकून ऐकून त्यांना मूर्खलक्षणांचा समास इतका आवडला की एकमेकांना चिडवायला वापरायला लागली.

एखादं पुस्तक लागलंच नाही तर? रात्रीचं असेल तर पन्नास पानांनंतर बिनधास्त परत करा. सकाळचं असेल तर सोडायच्या आधी महिनाभर थांबा, ओव्या कमी करा, पाच करा, जागा बदला, प्रत बदला, बारीक टाइपामुळेही कंटाळा येतो आणि आपल्याला वाटतं आपल्यात श्रद्धा नाही. आजारपण, परीक्षा, घरात लग्न अशा काळात बाकी तिन्ही पुस्तकं खुशाल बंद ठेवा, फक्त सकाळची एक ओवी चालू ठेवा. वडील हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी तीन आठवडे एवढंच केलं, पिशवीत एक कागद ठेवलेला असायचा, त्यावर एक ओवी लिहिलेली.

आणि एखादं पुस्तक संपलं की त्याच दिवशी त्या जागी दुसरं आणू नका. रात्रीची जागा दोन-तीन दिवस रिकामी राहू दे, सकाळची असेल तर आठवडाभर जुन्याच ग्रंथातली आवडलेली पानं परत वाचा. सध्या माझी ज्ञानेश्वरीची दुसरी फेरी चालू आहे, अठराव्या अध्यायात आहे, पसायदान यायला अजून आठशे ओव्या आहेत, म्हणजे रोज दहाच्या हिशोबानं साधारण ऐंशी सकाळी.